कारण: समुद्र पाहणे

आमच्या कचेरीत रजेच्या अर्जात खरं कारण लिहिणारा एकच माणूस होता, आणि त्याची रजा कधी मंजूर होत नसे. बाकीचे आम्ही सगळे शहाणे. कुणाची सासू वर्षातून दोनदा अत्यवस्थ व्हायची, कुणाच्या चुलत्याला दर पाडव्याच्या तोंडावर देवाज्ञा व्हायची. एका कारकुनानं तर आपल्या आजीला तीन वेळा पोचवली होती आणि तिन्ही वेळा तेराव्यापर्यंतची रजा घेतली होती. मलकाप्पा मात्र दरसाल उन्हाळा लागला की कोरा ताव काढायचे, टाक पुसून घ्यायचे आणि वळणदार उर्दूत एकच मजकूर लिहायचे: वीस दिवसांची रुखसत मिळावी, कारण समुद्र पाहणे. आमचे मोहतमीम साहेब, म्हणजे कचेरीचे मुख्य इंजिनिअर, तो अर्ज वाचून हसायचे आणि खाली लिहायचे, कारण पुरेसं नाही.

मी त्यांना एकदा म्हटलं, अप्पा, आईची तब्येत लिहा, घरचं लग्न लिहा, काहीही लिहा. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"पंत, नकाशात एक खोटा आकडा शिरला का भिंत वाकडी उठती. अर्ज बी कागूदच हाय."

हे सगळं निजामाच्या राज्यातलं. गावाचं नाव कागदावर उस्मानाबाद आणि तोंडात धाराशिव. आमची कचेरी तामीरातची, म्हणजे सरकारी बांधकामाची. रस्ते, पूल, दवाखाने, मुसाफिरखाने यांचे कागद आमच्याकडं असायचे. मी तिथं उर्दू कारकून होतो आणि मलकाप्पा नक्शानवीस, म्हणजे नकाशे काढणारे. मूळचे बेंबळीचे, वाण्याच्या घरातले लिंगायत. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, कानावर पेन्सिल आणि कोटाच्या खिशात कापडी टेप. आई आळंदकडची, त्यामुळं मापं घेताना तोंडातल्या तोंडात कानडीत मोजायचे, आमच्याशी मराठीत बोलायचे आणि नकाशावर उर्दूत लिहायचे. तीन भाषांत एकदाही माप चुकलं नाही.

कुणाच्याही घरात शिरले की अप्पा आधी वर बघायचे. माळवद, म्हणजे मातीचं धाबं, कसं आहे, तुळ्या कुठं टेकल्यात, उजेडासाठी ठेवलेलं सवणं नेमकं कुठं पाडलंय. मग भिंतीवर तळवा ठेवायचे. घरातल्या माणसांची पाळी त्यानंतर. "हवा कुठनं येती?" हा त्यांचा पहिला प्रश्न. बारशाला गेले तरी तोच आणि मातीला गेले तरी तोच. माझं लग्न झाल्यावर जेवायला बोलावलं, तर पानावर बसायच्या आधी त्यांनी स्वयंपाकघरात डोकावून माझ्या बायकोला सांगितलं, वैनी, चूल तीन हात सरकवा. नवी नवरी ती, संतापलीच. कोण हा मेला चूल हलवणारा, म्हणाली. आठ दिवस धूर खाल्ला आणि नवव्या दिवशी गुपचूप चूल सरकवली. त्यानंतर आमच्या घरात अप्पांचं पान वाढताना तुपाची धार जरा लांबायला लागली.

कचेरीत त्यांचं नाव पडलं होतं दर्यावर्दी. उन्हाळ्यात जिथं घागरभर पाण्यासाठी बाया पहाटेपासून रांग लावतात, त्या मुलखातला दर्यावर्दी. ते नाव कुणी तोंडावर घेतलं तरी अप्पांना राग येत नसे.

तरुणपणी त्यांनी समुद्र पाहिला होता, नुसता पाहिला नव्हता, दोन वर्षं त्याच्या काठावर राहिले होते. सोलापूरच्या एका कंत्राटदाराबरोबर ते रत्नागिरीच्या बाजूला गेले होते. खाडीच्या तोंडाशी मुंबईच्या श्रीमंतांचे नवे बंगले उठत होते. जांभ्या दगडाच्या भिंती, मंगळुरी कौलं ही तिकडची जुनी रीत. त्यावर हे नवं सिमेंट आलेलं. गोल वळणाचे सज्जे, जिन्याला वाटोळी खिडकी, गच्चीला बोटीच्या डेकवर असतो तसा नळीचा कठडा. अप्पा तिथं नकाशे काढायचे आणि सुटीच्या दिवशी टेप घेऊन भटकायचे. कुणाचंही नवं घर दिसलं की आत जाऊन विचारायचे, ही खिडकी इथंच का, हा छज्जा एवढा पुढं का. लोकही मोठे भले, त्यांना चहा देऊन घर दाखवायचे. खारी हवा सिमेंटच्या आतलं लोखंड कसं खाते आणि ते फुगून वरचा गिलावा कसा फोडतं, हे त्यांनी तिथं बघून ठेवलं.

घरं संपली की ते किनाऱ्यावर उतरायचे. खडकाला चिकटलेली कालवं, खाडीतले तिवर, वाळूत तिरके पळणारे खेकडे, सुरूच्या झाडावर बसलेला समुद्रगरुड. सगळ्याची मापं घ्यायची. कोळणी हसायच्या. एवढी कालवं मोजतोस आणि खात एक नाहीस, हा कसला माणूस, म्हणायच्या. हे सांगताना अप्पा स्वतःही हसायचे. पण त्यांचा खरा जीव जडला होता पाण्याच्या येण्याजाण्यावर. राहत्या घरासमोरच्या खडकांवर त्यांनी खुणा केल्या होत्या. कोणत्या तिथीला, किती वाजता, पाणी कुठल्या खुणेपर्यंत चढलं आणि कुठवर उतरलं, हे दोन वर्षं, एक दिवस न चुकता, त्यांनी एका लांबट वहीत उतरवलं. पानांवर शब्द जवळजवळ नव्हतेच. एकाखाली एक वाकड्या रेघा, कडेला तिथी, घड्याळाची वेळ आणि खडकांच्या जागी फुल्या. ती वही मी पन्नासदा तरी पाहिली असेल. कचेरीत दुपारी काम नसलं की ते ती काढायचे आणि बोट ठेवून सांगायचे, ही कार्तिकातली पुनव, हितं पाणी पायरीला लागलं हुतं.

मग बेंबळीहून भावाचा निरोप गेला, वडील गेले, ये. आले ते अडकलेच. आईचं अंग वाऱ्यानं गेलं होतं, भावजय करेना, म्हणून आईला घेऊन धाराशिवात बिऱ्हाड केलं. लग्न झालं, बायको पहिल्या बाळंतपणातच गेली. आई नऊ वर्षं अंथरुणावर होती आणि तिचं सगळं अप्पांनी केलं. ती गेली तेव्हा नोकरी पक्की झाली होती, आणि नोकरी रजा देईना. दरसाल अर्ज करायचा आणि दरसाल नकार वाचायचा. सोडून का जात नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, सरकारी नकाशे हाताखालून गेलेल्या माणसाला सोडत नाहीत, आणि पळून जायला मला येत नाही.

गावात एक पैसेवाले वकील होते. त्यांना नवी फॅशन पाहिजे होती. त्यांनी अप्पांना घराचा नकाशा काढायला सांगितला आणि अप्पांनी इतक्या वर्षांचं साठवलेलं सगळं त्या घरात ओतलं. गोल कोपरे, वाटोळी खिडकी, नळीचा कठडा, आणि पश्चिमेला लांबलचक व्हरांडा. घर उठलं तेव्हा बघायला बेंबळीपासून माणसं आली. एका म्हातारीनं विचारलं, आगबोटीला चाकं कुठायत? वकील खूश होते. पुढं उन्हाळा आला. पश्चिमेच्या व्हरांड्यात दुपारनंतर असं ऊन शिरायला लागलं की वकीलसाहेबांच्या पक्षकारांनी तिथं बसायचं सोडलं. वकिलीणबाई व्यवहारी होत्या. त्यांनी तिथं कुरडया घातल्या. बाहेरच्या गच्चीत दोन दिवस लागायचे, त्या इथं एका दुपारत वाळल्या. गावभर झालं की दर्यावर्दीनं कुरडयांसाठी व्हरांडा बांधलाय.

अप्पांनी सारवासारव केली नाही. भर दुपारी जाऊन व्हरांड्यात दोन तास बसून राहिले, घामानं भिजले आणि वकिलांना म्हणाले, "चुकलं माझं. तिकडं दुपारचा वारा समिंदरावरनं येतो, मावळतीकडनं, गार. म्या तिथलं घर हितं आणलं, पर वारा तिथंच र्‍हायला." आणि पुढचे पाच रविवार स्वतः उभं राहून त्या व्हरांड्याला आडव्या-उभ्या विटांची जाळी बांधून घेतली. मग तिथं माणसं पुन्हा बसायला लागली.

या चुकीनं त्यांना शहाणं केलं. पुढं एका खेड्यातल्या दवाखान्याचं काम आलं, तेव्हा त्यांनी सिमेंटच्या छतावर आपली पांढरी माती वीतभर पसरून ठोकून घेतली, जशी गावात माळवदावर घालतात. हैदराबादहून तपासणीला साहेब आले आणि भडकले. पक्क्या छतावर माती टाकणारा गाढव कोण, म्हणून त्यांनी विचारलं. अप्पा पुढं झाले. म्हणाले, हुजूर, आत बसून रागावा, बाहेर ऊन आहे. साहेब आत बसले. कोट काढला, टोपी काढली, मग टेबलावर डोकं टेकलं. दिवस कलल्यावर उठून त्यांनी तपासणीच्या कागदावर लिहिलं, छत ठीक. मातीचा उल्लेख नव्हता.

श्रावणात चांगला पाऊस झाला की अप्पा माझ्याबरोबर अणदूरला आमच्या घरी यायचे. खंडोबाला जाऊन यायचे, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही चालत नळदुर्गला. किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून बोरी नदीचं पाणी पडतं, आणि त्या पडत्या पाण्याच्या मागं, भिंतीच्या पोटात, जुन्या बांधणाऱ्यांनी महाल काढलेला आहे. अप्पा त्या महालाच्या खिडकीशी उभे राहायचे. समोर पाण्याचा पडदा, तोंडावर तुषार. सकाळी उभे राहिले की भूक लागेपर्यंत हलायचे नाहीत. मी म्हणायचो, झालं का समाधान? ते म्हणायचे, हे पाणी एकाच बाजूला जातंय, पंत. जाऊन परत येत न्हाय. मला तेव्हा ते हास्यास्पद वाटायचं. पाणी परत कशाला यायला पाहिजे, असं माझ्या मनात यायचं.

मग राज्याचं शेवटचं वर्ष आलं. ज्यांनी ते काढलं त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही काढलं त्यांना सांगून कळायचं नाही. हिंदुस्थानची सरहद्द इथून जवळ. बार्शी पलीकडं, सोलापूर पलीकडं, आणि आम्ही अलीकडं. ज्यांना जमलं ती घरं रातोरात पलीकडं गेली. वकील गेले, त्यांच्या घराला कुलूप लागलं. मी बायकोला तिच्या माहेरी सोलापूरला पाठवलं आणि स्वतः राहिलो, कारण सरकारी नोकर न सांगता गेला तर तो दुश्मनाला मिळाला असं धरायचे. येडशीच्या स्टेशनावर प्रत्येक उतारूची झडती व्हायची. पत्रं फोडून यायची. कचेरीत रजा हा शब्दच बंद झाला. तरी उन्हाळ्यात अप्पांनी अर्ज लिहिला. मी हात जोडले, या वर्षी नको. त्यांनी दिला. या खेपेला साहेब हसले नाहीत. त्यांनी अर्ज घडी घालून खिशात ठेवला.

पंधरा दिवसांत झडत्या सुरू झाल्या. तामीरातचे नकाशे सरहद्दीपलीकडच्या लोकांना कुणीतरी पोचवतंय असा वहीम होता. अप्पांच्या खोलीत सरकारी नकाशा एकही सापडला नाही, पण ती लांबट वही सापडली. आमचे अमीन साहेब, म्हणजे ठाण्याचे फौजदार, माणूस वाईट नव्हते, पण घाबरलेले होते, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातात हुकूम असला की वाईट माणूस परवडला. त्यांनी वही उघडली. वाकड्या रेघा म्हणजे ओढे आणि वाटा. फुल्या म्हणजे ठिकाणं. आणि कडेला अमावास्या बारा वाजता, अष्टमी सहा वाजता: हे हल्ल्याचे वायदे नाहीत तर काय? समुद्र अमीन साहेबांनी जन्मात पाहिला नव्हता. ठाण्यातल्या कुणीच पाहिला नव्हता. अप्पा सांगत राहिले की हे पाणी आहे, रोज दोनदा येतं आणि जातं. जमादार हसायला लागले. पाणी कुठं जातं, म्हणे? एवढं पाणी रोज जातं कुठं?

त्यांना आत टाकलं. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. वहीतलं मराठी उर्दूत करून द्यायला माणूस पाहिजे होता. अप्पा गजांच्या मागं, मी टेबलाशी, वही मध्ये. अमीन साहेबांनी विचारलं, हे काय आहे?

मला माहीत होतं. पन्नासदा त्या पानांवरून माझं बोट फिरलं होतं. पण माझी बायको पलीकडं होती, आणि माझं नाव कुठल्या यादीत पडेल याचा नेम नव्हता. मी म्हणालो, "तिथ्या आहेत, साहेब. बाकीचं मला काही कळत नाही."

अप्पांनी मान वर केली नाही. मी आजवर ही गोष्ट पुष्कळांना सांगितली, पण हा भाग गाळून. आता वय झालं, आता गाळत नाही. मी भ्यालो आणि मित्राला बुडवलं.

अमीन साहेब ती वही घरी घेऊन गेले. वर रिपोर्ट पाठवायचा होता, त्याआधी स्वतःला समजावी म्हणून. त्यांच्या घरी म्हातारी आई होती. नवऱ्याबरोबर आगबोटीनं हजला जाऊन आलेली, म्हणून सगळं गाव तिला हज्जनबी म्हणायचं. मुलगा वही पसरून बसलेला तिनं बघितला. काय आहे विचारलं. त्यानं सांगितलं की असा असा एक हिंदू नक्शानवीस आहे आणि पाणी येतं जातं म्हणून खोटं बोलतोय. म्हातारी सकाळी बुरखा घालून, पोराला न विचारता, चालत ठाण्यात आली. मी तिथंच होतो, कारण माझं भाषांतर अजून संपलं नव्हतं.

तिला खुर्ची दिली. ती खुर्ची तिनं गजांपाशी ओढायला लावली. मग तिनं सांगितलं की मुंबईत बोटीची वाट बघत ते दर्याच्या काठावर अकरा दिवस राहिले होते. दुपारच्या नमाजाला पाणी पायऱ्यांवर होतं. मगरिबला, म्हणजे दिवस बुडताना पाहिलं, तर पाणी नाहीसं झालेलं, नुसते काळे खडक. तिला वाटलं कयामत आली. नवऱ्यानं समजावलं, पण तिला ते कधी पटलं नाही.

"वो दिन चांद का कौन सा दिन था, मेरे को याद है," ती म्हणाली. "तुम बोलो. सच्चे रहे तो बोलते."

अप्पांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "दुपारी भरलं आन दिस बुडता उतरलं म्हंजी अवस, अम्मा. न्हायतर पुनव. अष्टमीला उलटं व्हतं."

"अमावस," म्हातारी म्हणाली. "दूसरे रोज नया चांद दिखा, उसकू देख के हमारा जहाज निकला." आणि मुलाकडं वळून तिनं सांगितलं, "ये दर्या का हिसाब है, बेटा. इनो झूट नहीं बोलते. छोड़ दे."

अमीन साहेबांनी सोडलं. पण धरल्याची खबर पहिल्याच दिवशी वर गेलेली होती, ती परत येणार नव्हती. वही जप्त राहिली. हुकूम निघाला की मलकाप्पानं वेशीबाहेर पाऊल टाकायचं नाही आणि सकाळ-संध्याकाळ ठाण्यात हजेरी द्यायची. गजांतून सुटले आणि गावात अडकले. एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत ते रोज चालायचे आणि वेशीशी आल्यावर थांबून बाहेरच्या रस्त्याकडं बघायचे. त्यांनी कधी पुढं पाऊल टाकलं नाही. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी त्या रस्त्यानं जायचं टाळायचो. ते मात्र माझ्याशी पूर्वीसारखंच बोलायचे. ठाण्यातल्या त्या दिवसाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मलाही काढायचं धैर्य झालं नाही.

ठाण्याच्या वाटेवर अमीन साहेबांचं घर. जाता-येता हज्जनबी पडद्याआडून हाक मारायची, नक्शेवाले, आज पानी कहां तक? अप्पा उंबऱ्याबाहेर उभे राहून बोटांवर तिथी मोजायचे आणि सांगायचे, आता खडक उघडे असतील अम्मा, सांच्याला पायरी बुडंल. मग ती विचारायची, बोटीच्या मागनं पांढरी पाखरं यायची ती काय खातात. ते सांगायचे. घटकाभराचं बोलणं. साऱ्या जिल्ह्यात समुद्र बघितलेली ही दोनच माणसं मला ठाऊक होती, आणि दोघांनाही गाव सोडता येत नव्हतं.

भाद्रपदात फौजा आल्या आणि राज्य गेलं. आम्ही पेढे वाटले. अमीन साहेब एका दिवसात नाहीसे झाले. पळाले की धरले गेले, कळलं नाही. त्यानंतरचे काही आठवडे आमच्या गावानं जे केलं, ते चांगलं नव्हतं. वर्षभर आम्ही भीत होतो. आता मुसलमान वस्ती भ्यायला लागली, आणि तिला भ्यायला कारणं होती. काही घरं जळाली. काही माणसं घराबाहेर पडली ती परत आली नाहीत.

कचेरीत नवे साहेब आले. तरुण होते. अप्पांनी भीतभीत अर्ज लिहिला, आता मराठीत, कारण तेच. साहेबांनी वाचला, हसून मान हलवली आणि लिहिलं, मंजूर. अप्पांनी तो कागद तीनदा वाचला, मला वाचायला लावला. त्यांनी माझ्यासाठीही अर्ज लिहिला, तोही मंजूर झाला. सगळं ठरलं. मोटारीनं येडशी, तिथून गाडीनं कुर्डुवाडी, मग पुणं आणि पुढं घाट उतरून कोकण. अप्पांनी नवा कोट शिवला. नवी वही घेतली. मी दशम्या बांधून आणणार होतो. समुद्र दिसला की त्याच्यापुढं मी त्यांची माफी मागायची, असं मी मनाशी ठरवलं होतं.

आत्ताच सांगून टाकतो की अप्पांनी समुद्र पुन्हा पाहिला नाही. माझी पुढं बदली झाली, ते तिथंच राहिले, तिथंच गेले. मीही त्या खेपेला कोकणात गेलो नाही. कुर्डुवाडीला उतरून बायकोकडं सोलापूरला गेलो.

ठरल्या सकाळी मी मोटारीच्या अड्ड्यावर पोचलो. अप्पा नव्हते. मोटार सुटायला आली तरी नव्हते, म्हणून मी शोधायला निघालो. अमीन साहेबांच्या गल्लीत सापडले. नव्या कोटात, हातात दोन रिकाम्या घागरी.

"चार दिस झालं, आडावर तिला पाणी भरू देईनात," ते म्हणाले. "मोलकरीण पळाली. म्हातारी कोरड्या घरात बसलीय. निरोप घ्यावा म्हणून हाक मारली, तवा दार उघडलं तिनं. ओठ फुटल्यात."

मी म्हणालो, "अप्पा, आज एक दिवस भरून द्या आणि चला. पुढचं कुणीतरी बघेल."

"कोण?"

मी गल्लीत बघितलं. दारं बंद होती. मी कुणाचंच नाव घेऊ शकलो नाही, माझं तर नाहीच.

"पुन्हा रजा मिळणार नाही, अप्पा."

"ठावं हाय." त्यांनी घागरी खाली ठेवल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात राग नव्हता. "त्या दिशी ठाण्यात माझ्याकडनं कोण बोललं, तुमी ऐकलंय, पंत. तुमी तितंच हुतात. जावा आता, गाडी चुकंल."

मी गेलो. मोटार त्या गल्लीच्या तोंडाशी उतारू घ्यायला थांबली. आडाभोवती दहा-बारा बाया आपापल्या घागरी घेऊन मागं सरून उभ्या होत्या. कपाळावर विभूतीचे पट्टे असलेला, नव्या कोटातला तो बुटका माणूस एकटा रहाट ओढत होता. त्यानं भरलेली घागर खांद्यावर घेतली, पाणी हिंदकळून अर्धा कोट भिजला. ती त्यानं हज्जनबीच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली. मोटार वळली तेव्हा तो दुसरी घागर भरायला आडाकडं परत चालला होता, आणि बाया त्याला वाट देत होत्या.